शिवणीतली माया

न्यूपोर्टच्या मार्केटात, चाव्या करून देणाऱ्या गॅरेथच्या शेजारी
माझा सहा फुटी गाळा.
एकवीस वर्षं लोकांच्या कमरा सैल करून देते आहे,
शिवणीत माया असेल तर.
नसेल तर सांगते, सॉरी लव्ह, माया नाही उरली.
सांगते अर्थात इंग्रजीत,
आणि इंग्रजीत मायेला नुसतं कापड म्हणतात.

मंगळवारी गाळा बंद ठेवून हॉस्पिटलला गेले.
नर्स ब्रॉनवेन. तिनं उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावला,
दोन फासळ्यांच्या मधे गारगार जेल लावलं,
आणि यंत्र टिचक्या मारायला लागलं.
दहा टिचक्या.
कलिंगड घेताना मी मारते तशा,
आत कितपत घट्ट आहे ते ऐकायला.

आठवड्याला किती पिता?
एक थेंब नाही. आयुष्यात नाही.
तिनं लिहून घेतलं, शून्य.
मला उगाच शपथ घ्यावीशी वाटली.
सोलापुरात आमच्या बोळातले दगडूमामा
हळदीसारखे पिवळे होऊन गेले, हातभट्टीनं.
लिव्हर जायचं ते त्यांचं.
आम्ही चहा पिणारी माणसं.

आकडा आला नऊ पॉइंट एक.
चरबी आहे, ती म्हणाली, आणि वण पडू लागलेत, थोडे.
डायबेटिस अकरा वर्षांचा, त्यात पोटाचा घेर,
दोघं मिळून करतात हे. आवाज न करता.
साखर मला ठाऊक होती. बोटाला टोचलं की दिसते,
चुकली की ओरडते.
हे मात्र दुखलंसुद्धा नाही.

खाटकाकडे मागतात ते काळीज,
आणि केदार ॲबर्डीनला गेला तेव्हा तुटलं तेही काळीज.
यातल्या कुठल्यावर चरबी चढलीय
हे ब्रॉनवेनला विचारायचं राहिलं.

परतताना बसमधून उस्क दिसली. ओहोटी होती.
मधे पाण्याची एक बारीकशी रेघ,
दोन्ही काठांना गुळगुळीत चिखल, साय धरल्यासारखा.
नदी होती म्हणायची, इतकंच.

मी हिशेब मांडत बसले.
शाळेच्या डब्यातून परत आलेल्या अर्ध्या पोळ्या,
अन्विताच्या ताटातल्या चिप्स, कडा सोडलेले टोस्ट,
रात्रपाळीहून यांच्या डब्यात उरून आलेला भात,
उभ्यानं, ओट्यापाशी, सगळं माझ्या तोंडात.
वाया जायला नको.
गाळ्यात येऊन बघा, चिंध्यांची तीन पोती आहेत.
यकृतही माझ्यासारखंच निघालं,
काही टाकत नाही.
असू दे म्हणतं, लागेल कधीतरी.

आठ किलो उतरवा, ब्रॉनवेन म्हणाली होती.
चरबी मागे फिरते. वण, कधी फिरतात, कधी नाही.

मिस्टर प्रॉसर इंजेक्शन घेतात, दर शुक्रवारी.
गेल्या वर्षी त्यांच्याच चार पँटी मी सैल केल्या होत्या,
यंदा त्याच चार घट्ट करतेय.
माझीच शिवण उसवायची, माझीच परत घालायची,
दोन्ही वेळचे पैसे मिळाले.
मलाही मिळेल म्हणतात ते इंजेक्शन, यादी लांब आहे.
तोवर मी मार्केटमधून नदीपर्यंत जाते, जेवल्यावर,
बूट घालून, साडेअकरा मिनिटं,
आणि ओट्यापाशी उभी राहत नाही.
बहुतेक दिवस.

चौदा आठवडे झाले. पाच किलो.
आज संध्याकाळी माझाच निळा कुर्ता उलटा केला,
दोन्ही बाजूंनी खडूनं रेघा ओढल्या,
टाके घातले.
राहिली इंचभर माया, ती कापायला कात्री उचलली.

गॅरेथनं शटर ओढत विचारलं, झालं का?

कात्री खाली ठेवली.
माया आत दुमडली आणि वरून टीप मारली.
एकवीस वर्षांत एवढं तर कळलंय,
गिऱ्हाईक परत येतं.